दोन मुठींवरचा ध्रुव

प्रिय ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी फोनवर ईशाननं विचारलं, "आजी, माझ्या पुस्तकात चूक आहे का? एकाच नावाची, एकाच नंबरची दोन विमानवाहू जहाजं कशी?" मी गवार निवडत होते. हात न थांबवता सांगितलं, की चूक नाही. पहिलं विक्रांत आर अकरा होतं. ते सत्त्याण्णव साली निवृत्त झालं, पुढे भंगारात गेलं, आणि काही वर्षांपूर्वी नवं जहाज आलं त्याला तेच नाव आणि तोच नंबर दिला. अमेरिकेत नाव पुन्हा देतात, नंबर पुन्हा देत नाहीत. एवढं ऐकून रेवा म्हणाली, "आजी, तुला हे कसं माहीत?"

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. मला हे हालगे बाईंनी शिकवलं. महानंदा हालगे. त्या आता नाहीत, त्यांची आईही नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगून टाकलं आहे. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. सावकाश वाचा. न कळलेले शब्द आईला विचारा.

तुमच्या आजोबांची बदली पाटोद्याला झाली तेव्हा मी तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मी बीड जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी पोचले, तेव्हा गावात नुकत्याच टीव्हीच्या मोठ्या छत्र्या दिसू लागल्या होत्या. बाजारात एसटीडीचं पहिलं पिवळं खोकं उभं राहिलं होतं. पहिल्या दिवशी मी शाळेत पाऊल टाकलं आणि थबकले. प्रार्थनेला अवकाश होता. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलामुलींची आडवी रांग उभी होती, खांद्याला खांदा लावून. सगळ्यांच्या माना खाली. रांग हळूहळू पुढे सरकत होती, आणि मध्येच कुणीतरी वाकून काहीतरी उचलून खिशात टाकत होतं. रांगेच्या मागून एक ठेंगणी, काळीसावळी बाई चालत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला.

"काय शोधताहेत?" मी शिपायाला विचारलं. त्याचं नाव बाबूमियाँ.

"खडे, मॅडम. खडे चुने बगैर हालगे बाई घंटी नै मारने देती."

विमानवाहू जहाजाच्या डेकवर, म्हणजे विमानं जिथून उडतात आणि जिथे उतरतात त्या सपाट पाठीवर, रोज अशीच रांग चालते, हे मला नंतर कळलं. खिळा, खडा, सुतळीचा तुकडा, काहीही पडलेलं असलं तर विमानाचं इंजिन ते आत ओढून घेतं आणि फुटतं. म्हणून अधिकारी असो की खलाशी, सगळे एका रांगेत मान खाली घालून चालतात. हालगे बाईंनी ते पाटोद्याच्या मैदानावर आणलं. मुलं त्याला खडेफेरी म्हणत. आमच्या मैदानावर विमान उतरण्याची शक्यता नव्हती, पण पोरांचे गुडघे फुटणं बंद झालं होतं, असं बाबूमियाँ सांगे.

त्या भूगोल शिकवत. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. माहेर गेवराई तालुक्यातलं उमापूर. तिथे त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान, घरी आई गंगाबाई आणि धाकटा भाऊ शिवानंद. पाटोद्यात त्या आमच्या घराशेजारच्या खोलीत भाड्यानं राहत. कुणालाही त्या नावानं हाक मारत नसत, विषयावरून मारत. गणिताच्या सरांना "ओ गणित", मला "ओ इंग्लिश". पहिल्या आठवड्यात मला राग आला, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली.

वर्गात पुस्तकी बोलत आणि वर्गाबाहेर उमापूरचं. वर्गाच्या दारातून बाहेर पडताना "आता आपण थांबू" म्हणत, आणि उंबरा ओलांडला की "लई घसा बसला बगा इंग्लिश, च्या पाजा."

शनिवारी शेवटचा तास सामान्य ज्ञानाचा. तो त्यांनी मागून घेतला होता. त्यात निम्मे प्रश्न आकाशाचे आणि निम्मे विमानवाहू जहाजांचे. समुद्र तिथून एसटीनं रात्रभराच्या वाटेवर. वर्गातल्या एकाही मुलानं तो पाहिलेला नव्हता. हालगे बाईंनीही नव्हता. पण आमच्या आठवीतली पोरं सांगत, की अमेरिकन जहाजावर सीव्ही लिहिलेलं असतं त्यातला व्ही म्हणजे वेसल नव्हे. व्ही म्हणजे हवेपेक्षा जड उडणारं यंत्र, विमान. हवेपेक्षा हलकं, म्हणजे वायूचा फुगा, त्याला झेड. आणि मागे एन लागला की जहाज अणुशक्तीवर चालतं. आपल्या जहाजांना आर, ती इंग्रजांची पद्धत. विक्रांत अकरा, विराट बावीस. विराट आधी इंग्रजांकडे होतं, दुसऱ्या नावानं. तेव्हा त्याचा नंबर बारा होता.

"नाव बदललं, नंबर बदलला," बाई सांगत, "पत्रा तोच. लग्न झालेल्या पोरीसारखं."

मुली हसत. बाई हसत नसत.

त्यांनी माणसांचेही दोन प्रकार पाडले होते, व्ही आणि झेड. जड असून उडणारी आणि हलकी म्हणून तरंगणारी. आमचे हेडमास्तर झेड. "वारा येईल तिकडं जातंय ते," असं हळूच म्हणायच्या. मला त्यांनी व्ही म्हटलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

आकाश त्या मुठीनं मोजत. हात सरळ लांब करायचा, मूठ वळायची. त्या मुठीची उंची म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेला तोंड करून क्षितिजावर एक मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी. पाटोद्यात दुसऱ्या मुठीच्या माथ्याशी ध्रुव सापडतो. नवी मुलं नेहमी फसत. ध्रुव म्हणजे सगळ्यांत तेजस्वी तारा असं त्यांच्या डोक्यात असे आणि ती भलतीकडेच बोट दाखवत. "ध्रुव मोठा न्हाई रे," बाई म्हणत. "तो हालत न्हाई, एवढंच त्याचं मोठेपण." आणि पुढे सांगत, की ध्रुव जितक्या मुठी वर, तितकं ते ठिकाण विषुववृत्तापासून उत्तरेला. कोचीनला एकच मूठ. विषुववृत्तावर ध्रुव पार क्षितिजाला टेकतो. मुंबई आणि पाटोदा जवळजवळ एकाच रेषेत, म्हणून मुंबईच्या बंदरातही दोनच मुठी. तुमच्याकडे टोरांटोला चार मुठी आणि वर थोडं. मोजून बघा.

हे सगळं त्यांना भावानं शिकवलं होतं. मन्मथनं. शिवानंदपेक्षा मोठा, बाईंपेक्षा लहान. कपिलधारच्या मन्मथस्वामींवरून ठेवलेलं ते नाव तिकडे घराघरांत असतं. तो नौदलात होता, विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं हलवणाऱ्यांत. कोणत्या जहाजावर, हे बाईंनी मला कधी सांगितलं नाही. "सांगायची परवानगी न्हाई," म्हणायच्या, जणू आमच्या चहाच्या कपात शत्रू बसला होता.

मी त्याला दोनदा पाहिलं. सुटीवर उमापूरला जाताना तो वाट वाकडी करून आधी पाटोद्याला येई, बहिणीला भेटायला. उंच, बोलका, गालात सतत काहीतरी चघळणारा. आल्या आल्या बाईंसमोर मान वाकवून उभा राही. बाई देव्हाऱ्यातून पांढऱ्या कापडाची एक लहान पुरचुंडी काढून त्याच्या गळ्यात बांधत. जाताना तो ती काढून पुन्हा त्यांच्या हातात देई.

हे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. हालगे लिंगायत. त्यांच्यात मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग देतात. ते आयुष्यभर गळ्यात असतं. कुणाच्या चांदीच्या डबीत, कुणाच्या कापडात. ते अंगावेगळं करायचं नसतं. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ज्याची त्यानं आपलीच. माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवून पुरतात, आणि तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. ज्याच्या अंगावर लिंग नाही, तो असून नसल्यासारखा, असं जुनी माणसं मानत.

पण डेकवर गळ्यात काही लोंबतं चालत नाही. जिथे सुतळीचा तुकडा चालत नाही, तिथे गळ्यातली पुरचुंडी कशी चालेल? मन्मथ पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा घाबरला होता. पेटीत ठेवावं तर हरवेल, गळ्यात ठेवावं तर तुटून उडेल. बाईच म्हणाल्या, "माझ्याजवळ ठिव. तू आलास की घाल." तेव्हापासून त्या रोज सकाळी दोन लिंगांवर पाणी घालत, आधी त्याच्या, मग स्वतःच्या. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा चालत नाही, असं गावच्या जंगम स्वामींनी त्यांना बजावलं होतं. "पूजा कुठं करते मी," त्या म्हणाल्या होत्या. "नुसतं पाणी घालते. झाड जगवावं तसं."

मन्मथ हरवला तेव्हा त्याचं जहाज मुंबईला होतं. रीतसर सुटी घेऊन तो निघाला. बीडला यायला रात्रीच्या एसटीत बसला. बीडला त्याची काळी पत्र्याची पेटी आली. तो आला नाही. कंडक्टरनं सांगितलं, नगरच्या स्टँडवर पोरगं चहाला उतरलं, गाडी सुटली तेव्हा मागच्या सीटवर असेल असं वाटलं. पेटीत आईला लुगडं, शिवानंदला घड्याळ आणि बहिणीसाठी आकाशाचा गोल नकाशा होता, फिरवून तारे बघायचा. एवढंच.

नगरचा स्टँड, दवाखाने, रेल्वेचे रूळ, सगळं शिवानंदनं पायाखाली घातलं. काही मिळालं नाही. सुटी संपली आणि काही दिवसांनी उमापूरला पोलीस ठाण्याचा जमादार आला. मन्मथ घरी लपला आहे का, विचारायला. सरकारी कागदावर तो आता फरारी होता.

हालगे बाईंनी रजा घेतली नाही. खडेफेरी एक दिवस चुकली नाही. मात्र एसटीनं येणारा-जाणारा कुणीही भेटला की त्या एकच विचारत, "नगरला गाडी किती थांबली ओ?"

शिक्षकांच्या खोलीत कुजबुज व्हायची ती झाली. एकदा गणिताचे सर त्यांच्या देखत बोलले. "नेव्हीतनं पळणारे लई असतेत. दुबईला असल तुमचा भाऊ. येईल सोन्याची साखळी घालून."

मी वहीतून मान वर केली. बाई पाणी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला.

"गणित," त्या म्हणाल्या, "तुमी झेड हाव."

सरांना झेडचा अर्थ ठाऊक होता. सगळे हसले, तेही हसले. बाई उठून वर्गावर गेल्या.

त्याच वर्षी एका शनिवारी मी त्यांच्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसले होते. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला वर्षंच्या वर्षं लागतात, हे त्या सांगत होत्या. ध्रुवाचा आज दिसणारा उजेड आपल्या पणजोबांच्याही आधी निघालेला. नेकनूरकडची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "बाई, मंग तो आत्ता तिथं हाय का न्हाई, ते कसं कळंल?"

कुठलाही प्रश्न त्या कधी सोडत नसत. माहीत नसेल तर "माहीत नाही, सोमवारी सांगते" म्हणत आणि सोमवारी सांगत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुढचा प्रश्न."

अशी चार-पाच वर्षं गेली. शिवानंदचं लग्न झालं, शहाण्णवच्या दिवाळीच्या सुमारास मुलगा झाला. आणि मग उमापूरहून निरोपावर निरोप यायला लागले. गंगाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना नातवाचं नाव मन्मथ ठेवायचं होतं. पण एका घरात जिवंत चुलत्याचं नाव पुतण्याला ठेवत नाहीत. म्हणजे आधी मन्मथ गेला असं म्हणायला हवं. गेला म्हणायचं तर त्याला माती द्यायला हवी. देह नाही, तर त्याच्या जागी त्याचं लिंग पुरा, असं स्वामींनी सांगितलं होतं. आणि ते लिंग पाटोद्यात होतं, बाईंच्या देव्हाऱ्यात. बारसं अडलं होतं. पोर पाच महिन्यांचं होत आलं तरी त्याला सगळे नुसतं 'बाळ्या' म्हणत.

जानेवारीत विक्रांत निवृत्त झाल्याची बातमी आली. बाईंनी वर्तमानपत्र घडी करून माझ्यापुढे ठेवलं. "घ्या इंग्लिश. अकरा नंबर गेला." थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाव देतील पुन्हा कुणाला तरी. नंबर दिऊ ने. अमेरिकेत देत न्हाईत. बुडालेल्या जहाजाचासुद्धा देत न्हाईत. तो त्याचाच राहतो."

मला कळलं त्या कशाबद्दल बोलत होत्या.

मार्चअखेर शिवानंद स्वतः आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. "आक्का, आई जेवत न्हाई. चल." बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंग्लिश, येता का संगं?" त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. निघायच्या आधी त्यांनी आंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर बसल्या, दार लोटून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा गळ्यात नेहमीची चांदीची डबी होती आणि हातात पांढरी पुरचुंडी.

उमापूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गंगाबाईंची बाज अंगणात होती. सुनेच्या कडेवर बाळ्या. त्या दिवसांत संध्याकाळी वायव्येला मोठा धूमकेतू दिसत असे, नुसत्या डोळ्यांनी, पिसाऱ्यासारखा. गल्लीतल्या बाया त्याच्याकडे बघून पदर तोंडावर घेत होत्या. शेपटीचा तारा, काहीतरी वाईट होणार, असं सगळीकडे चाललं होतं.

गंगाबाईंनी लेकीला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "आलीस? पोराच्या गळ्यातलं काढून घेतलंस, पोरगं गेलं."

शिवानंद म्हणाला, "आई, पाव्हण्या बाई हायत."

"असू दे. त्यांच्या म्होरं बोलते. मी त्याला नऊ म्हैने पोटात वागवला, अन् हिनं त्याच्या अंगावरचा देव काढून घेतला. बिनलिंगाचा फिरत होता त्यो. जिता होता का मेला होता तवाच? सांग की. लई शिकलेली हायस न्हवं?"

हालगे बाई बाजेच्या कडेला बसल्या. आईचे पाय चेपायला लागल्या. गंगाबाईंनी पाय ओढून घेतला, मग पुन्हा सरळ केला. मग म्हातारीनं मान वळवून आकाशाकडे पाहिलं.

"ते काय म्हणत्यात त्याला? शेपूट कावून आलंय त्याला?"

"बर्फाचा गोळा असतो तो, आई. सूर्याजवळ आला की वितळतो, त्याचा धूर दिसतो. शेपूट मागं ऱ्हात न्हाई त्याचं. कायम सूर्याच्या उलट्या बाजूला. परत जाताना शेपूट पुढं अन् गोळा मागं."

"जातो कुठं?"

"लांब. अंधारात."

"येतो का परत?"

"येतो. लई वर्षांनी. हजारानं वर्षं."

"तवर कोण ऱ्हातंय वाट बघायला," गंगाबाई म्हणाल्या. आवाज पडला होता. "महानंदे, मला वाट बघून कटाळा आला गं. दार वाजलं की उठते. कुत्रं भुकलं की उठते. त्याला माती दे. म्हंजी मला पडून ऱ्हाता येईल."

त्या बाईनं पाच वर्षं जमादाराला, स्वामींना, शिक्षकांच्या खोलीला उत्तरं दिली होती. आईला मात्र "उद्या देऊ," एवढंच म्हणाल्या.

सकाळी गावाबाहेरच्या लिंगायतांच्या स्मशानात एक लहान खड्डा खणला होता. माणूस बसेल एवढा नव्हे, मडकं मावेल एवढा. स्वामी, शिवानंद, भावकीतले चार-सहा जण, आणि लांब लिंबाखाली मी. बाईंनी स्वतः खाली वाकून ती पांढरी पुरचुंडी ठेवली. वर विभूती, बेलाची पानं. सगळ्यांनी माती लोटली. बाईंनी सगळ्यांत शेवटी लोटली, आणि हात झटकले नाहीत. घरी येऊन गंगाबाईंना सांगितलं, "झालं." म्हातारीनं त्या दिवशी भाताची पेज घेतली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गेवराई मागे पडली तेव्हा हालगे बाई खिडकीबाहेर बघत बोलल्या.

"इंग्लिश, तुमाला एक सांगते. कुणाला बोलू नका. पुरचुंडीत माझं हाय."

मला समजायला वेळ लागला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. चांदीची डबी तिथेच होती.

"आत त्याचं हाय," त्या म्हणाल्या. "कापड त्याचं, आतलं माझं. लिंगं सारखीच दिसत्यात, काळी. स्वामीला बी कळलं न्हाई."

"बाई, पण तुमच्यात तर..."

"ठाव हाय आमच्यात काय ते." त्यांनी डबी पदराखाली घेतली. "त्याच्या गळ्यातलं मी एकदा काढून घेतलं. आता मातीत घालू? अन् आला म्हंजी? काय घालंल गळ्यात?"

"आणि तुमचं?"

"माझं काय," हालगे बाई म्हणाल्या. "मी कुठं हरवणार हाय?"

त्यांच्या समजुतीनं त्या सकाळी कोण पुरलं गेलं, हे मला तेव्हा नीट कळलं होतं. मी इंग्रजी शिकलेली बाई, मला यातलं काही खरं वाटायला नको होतं. पण उरलेल्या प्रवासात मी त्यांचा हात धरून बसले, आणि तो हात थंड होता.

गंगाबाई त्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेत गेल्या, दार वाजलं म्हणून उठल्या नाहीत. त्याआधी बारसं झालं. नातवाचं नाव मन्मथ ठेवलं. आत्यानंच पाळण्यात नाव ठेवायचं असतं, तेव्हा बाळाच्या कानात तो शब्द हालगे बाईंनीच सांगितला. पण त्या नावानं त्याला त्यांनी पुढे एकदाही हाक मारली नाही. त्या त्याला 'बावीस' म्हणत. "ए बावीस, हिकडं ये." सुरुवातीला घरात सगळ्यांना विचित्र वाटलं. मग सगळं उमापूर त्याला बावीस म्हणायला लागलं. अजूनही म्हणतं. नाव काकाचं, पण नंबर वेगळा हवा म्हणून, हे त्यांना माहीत नाही.

पुढची तीन-चार वर्षं मी त्यांच्या शेजारी काढली. त्या बदलल्या असं म्हणता येणार नाही. खडेफेरी चालू, शनिवारचा तास चालू. पण सकाळी त्यांच्या खोलीतून आता एकदाच पाणी घातल्याचा आवाज येई. सणावारी त्या कुठे हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या, कुणाच्या घरी पुढे होऊन बसेनाशा झाल्या. शुभकार्यात मागे उभ्या राहत. लोकांना वाटे, वय झालं. व्ही आणि झेडही त्यांनी बंद केलं. एकदा मी विचारलं, "आणि तुम्ही स्वतः, बाई? व्ही की झेड?" त्या म्हणाल्या, "मी डेक हाय."

आमची बदली झाली तेव्हा सामान आधी पुढे गेलं होतं. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं निघालो. गाडी शाळेवरून गेली. मैदानात कुणी नव्हतं. हालगे बाई एकट्या मधोमध उभ्या होत्या, पाठ आमच्याकडे, तोंड उत्तरेला. नुकतंच अंधारायला लागलं होतं, तारे जेमतेम उमटत होते. त्यांनी एक हात लांब केला, मूठ वळली, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली आणि मान जराशी मागे करून बघत राहिल्या. मन्मथचं जहाज मुंबईला असेल तेव्हा तिथूनही ध्रुव एवढाच वर दिसे, हे मला आठवलं. गाडी वळली. मला वाटतं त्यांना गाडीचा आवाज आला असणार, पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.

निवृत्तीनंतर त्या उमापूरला गेल्या. मन्मथ कधी आला नाही. त्याचा पत्ता लागला नाही, मेल्याचा नाही आणि जगल्याचाही नाही. दोन वर्षांपूर्वी बावीसचा फोन आला. तो आता दुकान बघतो. "मावशी, आत्या गेली. बसवली काल. लई शांत होती." मी विचारलं, हातावर काय ठेवलं? "तिचंच की, डबीतलं," तो म्हणाला.

मी एक दिवस थांबले. मग त्याला फोन करून सगळं सांगितलं. मी थांबले तेव्हा फोनवर दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी साखर मागत होतं.

"म्हंजी काका उमापूरला आला म्हणायचा, मावशी," तो म्हणाला. "उशिरा आला, पण आला."

आता काय उरलं आहे ते लिहून थांबते. उमापूरला दोन जागा आहेत, शेजारी शेजारी. एक लहान, तिच्यावर मन्मथचं नाव, आत बाईंचं लिंग. दुसरी मोठी, तिच्यावर बाईंचं नाव, आत बाई आणि त्यांच्या तळहातावर मन्मथचं लिंग. आकाशाचा गोल नकाशा बावीसकडे आहे, दुकानात खिळ्याला टांगलेला. आणि पाटोद्याच्या त्या शाळेत प्रार्थनेच्या आधी मुलं अजून रांग धरून मैदानावरून खडे वेचत चालतात.

तुमची,
आजी